पाहुण्याची खुर्ची

बूट घालून देणाऱ्या माणसाचा मी आधी हात पाहिला, चेहरा नंतर. उजवा हात. अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं आणि पुढच्या तीन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत, गुलाबी, ताणलेली कातडी होती. उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत लेसचं एक टोक धरून, दुसरं डाव्या हाताने त्याभोवती फिरवून त्याने इतकी सफाईदार गाठ मारली, की दुसऱ्या कोणी कौतुकच केलं असतं. मी नजर दुसरीकडे वळवली. शनिवारची संध्याकाळ, दुकानातली गर्दी, नव्या चामड्याचा आणि डिंकाचा वास, आणि माझ्या पावलावर टेकलेली ती कातडी. मोज्यातूनही ती गरम लागत होती. मी पाय मागे ओढला. घट्ट झाली का, असं विचारत त्याने वर पाहिलं, क्षणभर पाहतच राहिला आणि मग त्याचा सगळा चेहरा हसला. ‘साहेब, तुम्ही! ओळखलं नाही का? मी पाहुणा.’

न ओळखायला काय झालं? तेवीस दिवस हा माणूस माझ्या टेबलासमोर, हातभर अंतरावर बसला होता. पण माझ्या तोंडून निघालं ते, ‘अरे, तू इथे कुठे?’ त्याने गुडघ्यावर बसल्या बसल्याच सगळं सांगून टाकलं. आठ महिने झाले इथे लागून, मालक बरा आहे, काम हलकं आहे, गिऱ्हाईक स्वतःच्या पायांकडे बघतं, त्यामुळे हाताकडे कोणाचं लक्ष जात नाही. मग त्याने शेजारच्या विक्रेत्याला हाक मारून माझी ओळख करून दिली. हे आमच्या कारखान्यातले सेफ्टीचे साहेब. देवमाणूस. हाताला लागलं तर दुसऱ्या दिवसापासून रोज घरी गाडी पाठवायचे, स्वतःच्या केबिनमध्ये बसवून चहा पाजायचे, एक दिवस खाडा पडू दिला नाही. शेजारचा विक्रेता हातातला डबा सावरत माझ्याकडे आदराने पाहून हसला. मीही हसलो. आपण हसतो आहोत हे समोरच्या आरशात मला दिसलं आणि त्या चेहऱ्याची मला किळस आली. नीट दाढी केलेला, जरा सुटलेला, भला दिसणारा चेहरा. मग पाहुण्याने दुसऱ्या पायातली लेस ओढता ओढता, सहज विचारावं तसं विचारलं, ‘साहेब, त्या रोलरला जाळी बसली का हो?’

मी म्हणालो, ‘बसली.’

‘बरं झालं,’ तो म्हणाला, ‘म्हणजे माझी बोटं कामी आली.’ आणि त्याने बुटावरून फडकं फिरवलं.

बूट मी घेतले. ते न घेता कसा उठणार होतो? खोका काखेत मारून रस्त्याला लागलो तर तोंडात एक तुरट चव आली होती, ती थुंकून जाईना. कोपऱ्यावर दोनदा थुंकलो, एका बाईने नाक मुरडलं. तिचं बरोबर होतं. बूट का घेतले, तर येत्या शुक्रवारी माझा सत्कार आहे. कारखान्याच्या फाटकात शिरलं की डाव्या हाताला एक हिरवी पाटी आहे, तिच्यावर लिहिलं आहे, ‘अपघाताविना सलग दिवस’, आणि खाली चार आकडे, खिळ्यांना अडकवलेले, पत्र्याचे. रोज सकाळी मी स्वतः जाऊन शेवटचा आकडा बदलतो. शिपायाला सांगता आलं असतं, पण मीच बदलतो. पहिल्या वर्षी त्यात मला आनंद वाटायचा आणि नंतर सवय झाली. शनिवारी तिथे नऊशे चौऱ्याण्णव होतं. शुक्रवारी हजार होणार म्हणून मोठे साहेब सभागृह घेणार होते, फोटोग्राफर येणार होता, आणि बायको म्हणाली होती, अहो, जुन्या बुटांवर नका जाऊ, टाचा झिजल्यात.

तर पाहुण्याची गोष्ट अशी, की ज्या दिवशी त्याची तीन बोटं गेली त्या दिवशी पाटीवर चारशे एकतीस होतं. दुसऱ्या दिवशी मी ते चारशे बत्तीस केलं. आमच्याकडे नियम असा, की माणूस जखमी होऊन दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तर तो अपघात. कामावर आला, तर किरकोळ. नियम वाईट नाही, खरचटलं-कापलं वेगळं काढायला तो केलेला आहे. पण आला म्हणजे काय, काम केलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. फाटकातून आत यायचं, हजेरीला यायचं, बस. तर कारखान्याची गाडी सकाळी साडेआठला त्याच्या दारात उभी राहायची, ड्रायव्हर त्याला काखेत धरून खाली आणायचा, आणि नऊ वाजता तो माझ्या केबिनमध्ये निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असायचा. पाच वाजता गाडी परत. टाके निघेपर्यंत तेवीस दिवस. पहिल्याच दिवशी मोठे साहेब दारातून डोकावून म्हणाले, काय, पाहुणे आलेत वाटतं? तेच नाव पडलं. साफसफाईवाली बाई, टाइपिस्ट, स्टोअरवाला, सगळे त्याला पाहुणाच म्हणायला लागले, आणि तोही ओ द्यायला लागला. ही कल्पना कोणाची, असं मला कोणी विचारलेलं नाही. माझी. पाहुण्याच्याही आधी एकाला लागलं होतं, तेव्हा मीच मोठ्या साहेबांना म्हणालो होतो, सर, त्याला घरी बसवायची काय गरज आहे, इथेच आराम करू दे. आराम हा शब्द वापरला होता मी.

त्या तेवीस दिवसांतलं मला काय आठवतं, तर त्याचं दुखणं आठवत नाही, वास आठवतो. मलमाचा, ओल्या कापसाचा, आणि त्याच्या खाली आणखी एक गोडसर वास, तो दुपारपर्यंत केबिनभर व्हायचा. पंखा मोठा केला की कागद उडायचे, छोटा केला की वास यायचा. पट्टीवर एक पिवळा डाग उमटायचा आणि अकरापर्यंत वाटीएवढा व्हायचा. एक माशी होती. तो डाव्या हाताने ती हाकलायचा, ती माझ्या डब्यावर यायची, मी हाकलायचो, ती त्याच्या पट्टीवर जायची. जेवताना मी मधे एक जाडी फाइल उभी करून ठेवायचो, जणू वाचतो आहे. पलीकडून त्याचा डाव्या हाताने भात खाण्याचा आवाज यायचा, सांडल्याचा, पुसल्याचा. चौथ्या दिवशी मी त्याची खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि म्हणालो, उजेड मिळेल तुला. तो म्हणाला, किती काळजी घेता साहेब. त्याच्या पाठीकडे बघत मी त्या महिन्याचा अहवाल लिहिला. त्यात अपघातांच्या रकान्यात शून्य आहे, आणि ते शून्य मी जरा ठळक काढलं होतं.

आणि गंमत अशी की मी मुळात चोर माणूस नव्हतो. सात-आठ वर्षांपूर्वी कंपनीने मला धोक्याच्या मोजणीचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं तेव्हा मी खरोखर भारावून गेलो होतो. शिकवणारे गृहस्थ बारीक अंगाचे, खोकणारे होते. ते म्हणायचे, अपघात झाल्यावर धावायचं नाही, धोका आधी मोजायचा. प्रत्येक यंत्राला दोन आकडे द्या. झालं तर किती वाईट होईल, एक ते पाच. आणि होण्याची शक्यता किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करा. सहापर्यंत हिरवं, चौदापर्यंत पिवळं, पंधरापासून पुढे तांबडं. हिरवं म्हणजे चालू द्या. पिवळं म्हणजे सोयीने सुधारा. तांबडं म्हणजे यंत्र बंद, दुरुस्ती झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, मग ते कोणाच्या बापाचं का असेना. मला ते इतकं पटलं, की परत आल्यावर दोन वर्षं मी कारखाना पायाखाली घातला. मागच्या जिन्याला कठडा नव्हता, बसवला. माल वाहणाऱ्या गाड्या आणि चालणारी माणसं एकाच वाटेने जायची, पिवळा पट्टा मारून वाटा वेगळ्या केल्या. बॉयलरपाशी भाजणारे कमी झाले, डोळ्यांत कण जाणारे कमी झाले. खरंच कमी झाले, हे मी शपथेवर सांगेन, जरी माझ्या शपथेला आता काय किंमत राहिली आहे हा प्रश्न असला तरी. ती पद्धत चांगलीच आहे. तिला फक्त खरं सांगावं लागतं. मग पाटी आली. आणि पाटीवर शंभर झाले, दोनशे झाले, तेव्हा कधीतरी माझं लक्ष यंत्रांवरून उठून पाटीवर गेलं. नक्की कोणत्या दिवशी गेलं ते आठवत नाही. असल्या गोष्टींची तारीख लक्षात राहत नाही.

रोलरचं सांगतो. आमच्याकडे रबर मळतात. दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरत असतात, मधे बोटभर फट, वरून माणूस हाताने रबराचे तुकडे त्या फटीत सारतो. गरम रबर चिकटतं, बोटाला धरून ठेवतं आणि सोबत घेऊन जातं. वर जाळी असली की हात तेवढा आत जाऊच शकत नाही. झालं तर किती वाईट, याला मी चार दिले होते, त्यात खोटं नाही. शक्यतेच्या रकान्यात मात्र तक्ता विचारतो: असं इथे घडलं आहे का? घडलं असेल तर चार, आणि पुढे लिहा, कोणाला, कधी. घडलं नसेल, फक्त इतरत्र ऐकलं असेल, तर दोन. मी दोन लिहिले. चार दुणे आठ. पिवळं. सोयीने सुधारा. पाहुण्याआधी एकाचं नख गेलं होतं, एकाचं मनगट ओढलं गेलं होतं, तेही या खुर्चीत चार-चार दिवस बसून गेले होते. जाळी खरेदी झालेली आहे, स्टोअरमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली आहे, तिच्यावर धूळ आहे. ती बसवायला रोलर दोन दिवस बंद ठेवावा लागतो. पिवळं यंत्र दोन दिवस बंद ठेवण्याची सोय दीड वर्षात झाली नाही. म्हणजे मी अपघात लपवले म्हणून आकडा लहान राहिला, आकडा लहान म्हणून जाळी आली नाही, आणि जाळी नाही म्हणून पुढचा अपघात व्हायचा, तोही लपवायला मी तयार. हे मला शनिवारी संध्याकाळी, खोका काखेत धरून रस्ता ओलांडताना, पहिल्यांदा सुचलं असं मी म्हणणार नाही. सुचलेलं होतं. त्याच्यापुढे मी एक फाइल उभी करून ठेवली होती.

रविवारी मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिनेच कडेवर घेऊन वाढवलेला. अजून ती त्याला धाकट्या म्हणते आणि अजून त्याच्या ताटात न विचारता वाढते. वर्षापूर्वी मीच त्याला कारखान्यात चिकटवला, पॅकिंगमध्ये. आला तोच खुशीत. बसायच्या आतच म्हणाला, ‘भाऊजी, बढती. उद्यापासून दुपारपाळी. रोलरवर.’ रोलरवरचा जुना माणूस शनिवारी काम सोडून गावी गेला, त्याच्या जागी याला उभा करणार, महिनाभर नीट केलं तर कायम. बायकोने त्याच्या पाठीत लाडाने धपाटा घातला आणि माझ्याकडे वळून विचारलं, तिथे काही धोका नाही ना? मी भाजीत मीठ शोधत होतो. मी म्हणालो, ‘तसा नाही. आठ आहे.’ ती म्हणाली, आठ काय? मी म्हणालो, काही नाही, आमचं असतं एक. मेहुणा जेवायला लागला. तो पाची बोटांनी जेवतो, भात कालवताना तळव्यापर्यंत भरतो, त्यावरून ती त्याला लहानपणापासून बोलत आली आहे. मी त्या हाताकडे पाहत होतो. घास करताना करंगळी बाहेर राहते, अनामिका जरा वाकडी आहे, मधल्या बोटावर जुना व्रण आहे. हातातला घास मी परत ताटात ठेवला. बायको म्हणाली, जेवण चांगलं नाही झालं का? मी उठलो, हात धुतले, आणि मोबाइल घेऊन बाल्कनीत गेलो.

मी फोन केला शिफ्टच्या सुपरवायझरला. बंद कर रोलर, असं म्हणायला केला का? नाही. मेहुण्याला तिथून काढ, असं म्हणायला केला. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मी जे केलं त्याने कोणाचा गैरसमज व्हायला नको. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी धूत होतं, साबणाचं पाणी गटाराकडे चाललं होतं, आणि मी हलक्या आवाजात सुपरवायझरला सांगत होतो की घरचा माणूस आहे, जरा अंगाने नाजूक आहे, त्याला पॅकिंगमध्येच राहू दे. सुपरवायझर माणूस मोकळा आहे. त्याने का म्हणून विचारलं नाही. हसून म्हणाला, साहेब, एवढंच ना, केलं. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छातीतून एक श्वास सुटला, आणि तेवढ्यात तो पुढे म्हणाला,

‘मग त्याच्या जागी कोणाला उभं करू? तुम्हीच नाव सांगा, साहेब.’

आणि तो पॅकिंगमधली माणसं एकेक करून सांगायला लागला. एक तो ज्याचं आत्ताच लग्न ठरलं आहे. एक तो शिट्टी वाजवणारा. एक तो उंच, ज्याला दोन जुळ्या मुली झाल्या. सगळे मला माहीत होते. रोज सकाळी मी आकडा बदलत असताना ते माझ्या मागून जायचे, कोणीतरी म्हणायचा, साहेब, आज किती? एखादी भाजी निवडावी तसा तो मला हातात एकेक देत होता आणि हे की ते विचारत होता. इतकी वर्षं मी शक्यता मोजली, दोन, तीन, चार, आणि एकदाही मला कोणी म्हटलं नव्हतं की त्या आकड्याच्या जागी माणूस सांगा. मी बाल्कनीच्या कठड्यावर वाकलो आणि ओकलो. पार्किंगमधल्या माणसाने वर पाहिलं. फोनमधून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. तोंड पुसून मी म्हणालो, ‘कोणालाच नको. रोलर बंद ठेव.’ त्यावर मात्र तो गंभीर झाला. साहेब, बंद कसा ठेवू? तुमच्याच कागदावर तो पिवळा आहे. रोलर दुपारपाळीतच चालतो, उद्या दोन वाजता पाळी सुरू होते, त्याच्या आत तांबडा कागद द्या सहीचा, मी लगेच बटण दाबतो. नाहीतर ज्याला उभा करायचा त्याला उभा करतो. त्याचंही बरोबर होतं. मीच तर शिकवलं होतं त्याला, कागदाशिवाय काही करायचं नाही म्हणून.

सोमवारी सात वाजता मी कारखान्यात होतो. नवे बूट घातले होते; जुने बायकोने टाकून दिले होते. पाटीवर अजून शनिवारचं नऊशे चौऱ्याण्णव होतं, रविवारचं आणि सोमवारचं मिळून दोन पुढे करायचे होते. मी तिच्यापुढून तसाच गेलो. केबिनमध्ये निळी खुर्ची होती, तिच्यावर आता फायली ठेवतात. मी तक्ता काढला. रोलर. झालं तर किती वाईट, चार. शक्यता. दोनवर रेघ मारली, वर चार लिहिले. चार चोक सोळा. तांबडं. आकडा अगदी सहज आला. मग पुढचा रकाना. कधी? ती तारीख मला पाठ होती. कोणाला?

मी पेन टेकवलं आणि थांबलो. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. नख गेलेल्याचं नाही, मनगट ओढलेल्याचं नाही, आणि जो तेवीस दिवस समोर बसला होता त्याचंही नाही. पाहुणा. कोरी जागा ठेवली तर कागद परत येतो, नियम माझाच आहे. मी स्टोअरमधून जुने गठ्ठे काढले. तो ठेकेदाराचा माणूस, तो ठेकेदार गेला तेव्हा त्याची हजेरीची वही सोबत घेऊन गेला. फाटकावरच्या वहीत त्या दिवसांत नुसते बिल्ल्यांचे नंबर आहेत. प्रथमोपचाराच्या वहीत त्या तारखेला काही नाही. डॉक्टरांचा एक कागद होता, त्यावर नाव, वय, कोणती बोटं कुठपर्यंत, सगळं स्वच्छ अक्षरात होतं. तो मी त्याच संध्याकाळी फाडला. आधी उभा, मग आडवा, मग अजून बारीक. मला नीट आठवतं, कारण कागद चांगला जाड होता. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, नाव कुठे माहीत साहेब, आपण पाहुणाच म्हणायचो, आणि घर तर त्यांनी बदललं. माझ्या डायरीत त्या तेवीस दिवसांची पानं आहेत. प्रत्येक पानावर एकच नोंद सापडली. ‘पाहुणा, चहा दोन.’

दुकान दहाला उघडतं. साडेनऊपासून मी बंद शटरसमोर उभा होतो. नवे बूट टाचेला चावत होते, एक फोड येऊन फुटला होता आणि मोजा चिकटला होता. स्वतःच्या टाचेची किळस येते म्हणजे काय, असा विचार करून मला हसूही आलं. पाहुणाच किल्ल्या घेऊन आला. मला पाहून धावतच आला, शटर डाव्या हाताने उचललं, म्हणाला, चावतात ना साहेब, मला वाटलंच होतं, या आत, एक नंबर मोठा देतो बदलून, मालकाला मी सांगतो. मला स्टुलावर बसवून तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसलासुद्धा. उजव्या पायाची लेस त्याने सोडली. मी म्हणालो, बदलायचे नाहीत. तो म्हणाला, अहो लाजू नका, होतं असं. मी त्याला सांगितलं. काही गाळलं नाही असं मला वाटतं, पण क्रम चुकला असेल. जाळी बसलेली नाही हे सांगितलं. शनिवारी खोटं बोललो हे सांगितलं. खुर्ची कशासाठी होती, गाडी कशासाठी यायची, ते सांगितलं. आज दोन वाजता तिथे दुसरा माणूस उभा राहणार आहे, आणि ते थांबवायचं तर तुझा अपघात कागदावर यायला हवा, म्हणून आलो.

तो ऐकत असताना लेसचं टोक त्याच्या त्या दोन बोटांत होतं. तो रागावेल, ओरडेल, निदान उठून उभा राहील असं मला वाटत होतं, तशी माझी तयारी होती, खरं तर मला ते हवं होतं. तो फक्त माझ्या बुटाकडे पाहत होता. तो म्हणाला, घरी मी सगळ्यांना सांगितलं होतं. माझी आई तुमचं नाव घेऊन दिवा लावायची. मग त्याने विचारलं, ‘म्हणजे माझी बोटं कुठेच लिहिलेली नाहीत?’

‘नाहीत,’ मी म्हणालो. ‘तुझं नाव सांग. पूर्ण.’

‘तेवीस दिवस समोर होतो, साहेब.’

एवढंच. मी खिशातून तक्ता काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि पेन उघडलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं. अंगठा आणि एक बोट यांच्यात ते धरून, डाव्या हाताने कागद दाबून, तो स्वतःच लिहायला लागला. अक्षरं मोठी येत होती, रकान्याच्या बाहेर जात होती, एका जागी पेन घसरलं तर त्याने ते अक्षर पुन्हा गिरवलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. तो लिहीत असताना त्या गुलाबी कातडीवर सकाळच्या उन्हात बारीक बारीक रेषा दिसत होत्या. दीड वर्षात मी ती पहिल्यांदा नीट पाहत होतो. किळस आली, पण ती आता त्या हाताची नव्हती. शाई वाळेपर्यंत त्याने कागद धरून ठेवला, मग माझ्या हातात दिला.

दोन वाजायला साडेतीन तासांहून जास्त वेळ होता. दारात एक गिऱ्हाईक आलं, बाई आणि तिचा नवरा. तो उठला, त्यांना या म्हणाला आणि त्यांच्याकडे गेला. माझ्याकडे त्याने वळून पाहिलं नाही. माझी लेस सुटलेलीच होती. मी कागद घडी घालून खिशात ठेवला, खाली वाकलो आणि ती बांधली.